चहावाल्यांचा संगणक

ऑफिसच्या रोजच्या कामाला जुंपलेला जगातला पहिला संगणक कुणी बनवला असेल? बँकेनं? लष्करानं? एखाद्या विमा कंपनीनं? यांपैकी कुणीच नाही. तो बनवला चहा आणि केक विकणाऱ्यांनी!

जे. लायन्स अँड कंपनी. १८९४ साली लंडनच्या पिकॅडिलीत तिचं पहिलं चहाचं दुकान उघडलं आणि बघता बघता अशी दुकानं शेकड्यांनी झाली. वरवर पाहता साधा धंदा. पण आतली गंमत बघा. एका कपामागचा नफा इतका किरकोळ की हिशेबाला बसलेल्या कारकुनाचा पगारच तो गिळून टाकेल. आणि असे कप रोज लाखांत. प्रत्येक कप, प्रत्येक पाव, प्रत्येक केक म्हणजे एक नोंद. नोंदींचा हा डोंगर उपसायला माणसं किती लावायची?

हा प्रश्न जॉन सिमन्स या गणितज्ञाला छळत होता. १९२३ साली केंब्रिजहून तो थेट या चहा कंपनीत आला होता. कामाच्या पद्धतींवर विचार करण्यासाठी त्यानं १९३१ मध्ये एक वेगळा विभागच काढला. संगणक अजून जन्मालाही आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट! ‘यंत्र कोणतं घ्यायचं?’ याच्या कितीतरी आधी ही माणसं विचारत होती, ‘हा कागद इकडून तिकडे जातोच कशाला?’ बिझनेस इन्फर्मेशन सिस्टीम्स हा विषय आज महाविद्यालयात शिकवायला घेतात तेव्हा पहिल्या तासाला हाच प्रश्न यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेतली नवी ऑफिसयंत्रं बघायला गेले. प्रिन्स्टनमध्ये त्यांना गणितज्ञ हर्मन गोल्डस्टाइन भेटले. ते म्हणाले, अहो, तुमच्या केंब्रिजमध्येच मॉरिस विल्क्स असा संगणक बांधतोय! काखेत कळसा नि गावाला वळसा. लायन्सनं विल्क्सला ३,००० पौंड दिले, आपला एक माणूसही मदतीला दिला. १९४९ च्या मे महिन्यात केंब्रिजचं यंत्र चाललं आणि त्याच्या आराखड्यावरून लायन्सनं स्वतःचं बांधायला घेतलं. नाव ठेवलं लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस.

सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह आणि मोठ्या हॉलभर पसरलेली कपाटं. आणि स्मरणशक्ती? आजच्या हिशेबानं जेमतेम काही किलोबाइट. सकाळी मोबाइलवर येणारं फुलांचं ‘सुप्रभात’सुद्धा त्यात मावायचं नाही. पण ही स्मरणशक्ती राहायची कशात, हे ऐकलंत तर थक्क व्हाल. पाऱ्यात!

लहानपणी आईनं वाण्याकडे पाठवलं की आपण काय करायचो? ‘पावशेर साखर, एक काडेपेटी, पावशेर साखर, एक काडेपेटी’ असं पुटपुटत जायचो. थांबलो की विसरलो. लिओ नेमकं हेच करायचा. पाऱ्यानं भरलेल्या लांब नळीच्या एका टोकाला स्फटिक, त्यावर विजेचा ठोका पडला की त्याचा आवाज व्हायचा. विजेच्या मानानं आवाज म्हणजे गोगलगाय. तो पाऱ्यातून रमतगमत दुसऱ्या टोकाला पोचला की तिथला स्फटिक त्याची पुन्हा वीज करायचा, ती ताजीतवानी करून परत पहिल्या टोकाला. पुन्हा आवाज, पुन्हा वीज. बेकरीचे सगळे आकडे असे पाऱ्यातून अखंड पुटपुटत फिरत असायचे. वीज गेली की सगळं विसरलं!

नोव्हेंबर १९५१ मध्ये लिओनं पहिलं खरंखुरं काम केलं. बेकऱ्यांत तयार झालेल्या मालाचं मूल्य काढायचं. तेही पौंड-शिलिंग-पेन्समध्ये: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. आणे-पैचे हिशेब केलेल्या आपल्या आजोबांना विचारा हा काय त्रास असतो ते.

पण खरा पेच आकडेमोडीत नव्हताच. शास्त्रज्ञ संगणकाला चार आकडे देतो आणि तासभर गणित करायला लावतो. ऑफिसचं नेमकं उलटं: गणित क्षणाचं, आकडे ढीगभर. पगाराचंच घ्या. प्रत्येक माणसाचे तास वेगळे, कर वेगळा, कपात वेगळी. यंत्र विजेच्या वेगानं हिशेब करणार आणि मग आकड्यांची छिद्रं पाडलेली कार्डं आत जाण्याची, कागद छापून येण्याची वाट बघत बसणार. मोटार झकास, पण रस्ता बैलगाडीचा! ही आत-बाहेरची वाट रुंद करण्यात दोनेक वर्षं गेली. मग मात्र कमाल झाली. सराईत कारकुनाला एका माणसाच्या पगाराला आठ मिनिटं लागायची, लिओला दीड सेकंद.

हे काम यंत्राला ‘सांगणारे’ कोण होते? बरेचसे कंपनीच्या ऑफिसातलेच. मेरी कूम्ब्स ही फ्रेंच घेऊन पदवीधर झालेली तरुणी १९५२ मध्ये निवडली गेली आणि व्यवसायासाठी प्रोग्राम लिहिणारी पहिली स्त्री ठरली. त्यांचा प्रमुख डेव्हिड कॅमिनर. कोड लिहिण्याआधी अख्खं काम कागदावर उलगडून बघायचं, ही त्याची शिस्त.

मला सगळ्यांत भुरळ घालते ती १९५४ ची दुकानांच्या मागणीची व्यवस्था. प्रत्येक दुकानाच्या मॅनेजरबाई रोज मालाची लांबलचक यादी भरायच्या. लिओच्या मंडळींच्या लक्षात आलं की मंगळवारची यादी गेल्या मंगळवारसारखीच असते, फरक पडतो दोनचार ओळींचा. मग वारानुसार ठरलेली मागणी आधीच नोंदवून ठेवली. दुपारी बाईंना फोन जायचा, बाई फक्त फरक सांगायच्या, ऐकणारी मुलगी ऐकता ऐकता कार्डावर छिद्रं पाडायची. लिओ बेरजा करून सांगायचा, उद्या कुठला माल किती बनवायचा आणि कुठल्या दुकानाला काय पाठवायचं. जे बदलत नाही त्याबद्दल बोलायचंच नाही! केवढी साधी गोष्ट, आणि केवढं काम वाचलं.

पुढे फोर्डसारख्या बाहेरच्या कंपनीच्या पगाराचं कामही लिओकडे आलं. पहिला लिओ १९६५ पर्यंत राबला. त्याची नातवंडं ब्रिटनच्या टपाल खात्यात १९८१ पर्यंत टेलिफोनची बिलं काढत होती.

बिझनेस इन्फर्मेशन सिस्टीम्सला नुकताच प्रवेश घेतला असेल, तर लॅपटॉप उघडण्याआधी एक करा. कोपऱ्यावरच्या बेकरीत जा आणि मालकांना विचारा, ‘काका, उद्या किती पाव लागतील हे तुम्ही कसं ठरवता?’ उत्तर पूर्ण ऐका. वही सोबत न्या.