व्हिडिओ गेममधील एलजीबीटी पात्रांचे चित्रण : साचेबंद प्रतिमेकडून व्यक्तिरेखेकडे

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, पात्रचित्रण, साचेबंद प्रतिमा, समलिंगी, पारलिंगी, खेळाडूची निवड

प्रस्तावना :

साहित्य, नाटक आणि चित्रपट या माध्यमांतील पात्रचित्रणाचा अभ्यास विद्यापीठीय क्षेत्रात दीर्घकाळ होत आला आहे. त्या तुलनेने व्हिडिओ गेम हे माध्यम केवळ करमणुकीचे साधन मानले गेल्यामुळे अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिले. वास्तविक या खेळांत कथानक असते, संवाद असतात, नायक-खलनायक असतात आणि त्यामागे समाजाविषयीची एक दृष्टीही असते.

या माध्यमाचे वेगळेपण असे की, चित्रपटाचा प्रेक्षक पात्राकडे पाहतो, तर खेळाडू पात्राशी काही व्यवहार करतो. तो त्याला मारतो, वाचवतो, त्याच्याशी बोलतो, प्रेम करतो, किंवा त्याच पात्राच्या रूपाने खेळात वावरतो. त्यामुळे एखाद्या समूहाचे चित्रण तपासताना त्या समूहातील पात्र खेळात आहे की नाही, एवढे पाहून भागत नाही. खेळाच्या नियमांनी त्या पात्राला कोणते स्थान दिले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने समलिंगी, उभयलिंगी आकर्षण असणाऱ्या आणि पारलिंगी पात्रांच्या चित्रणाचा आढावा घेतला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) व्हिडिओ गेममधील एलजीबीटी पात्रांच्या साचेबंद प्रतिमांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या चित्रणात १९८६ पासून झालेल्या स्थित्यंतराचा निवडक खेळांच्या आधारे आढावा घेणे.
३) ‘पर्याय’ म्हणून असलेले आणि ‘व्यक्तिरेखा’ म्हणून असलेले चित्रण यांतील भेद विशद करणे.

संकल्पना :

एलजीबीटी या संज्ञेत समलिंगी स्त्रिया, समलिंगी पुरुष, उभयलिंगी आकर्षण असणाऱ्या व्यक्ती आणि पारलिंगी व्यक्ती यांचा समावेश होतो. यांपैकी पहिले तीन घटक लैंगिक आकर्षणाशी, तर चौथा घटक स्वतःच्या लिंगओळखीशी संबंधित आहे. हा भेद लक्षात घेणे महत्त्वाचे आहे, कारण साचेबंद चित्रणात नेमकी याच दोन गोष्टींची गल्लत होताना दिसते.

एखाद्या समूहातील सर्व व्यक्तींना एकाच गुणविशेषाने ओळखणे म्हणजे साचेबंद प्रतिमा होय. मराठीत ‘बायल्या’ हा शब्द ज्या उपहासाने वापरला जातो, त्यात चालणे-बोलणे, लिंगओळख आणि लैंगिक आकर्षण या तिन्हींची सरमिसळ असते. व्हिडिओ गेममध्येही हाच प्रकार प्रामुख्याने तीन रूपांत आढळतो : हास्यास्पद पात्र, विकृत किंवा धोकादायक प्रतिस्पर्धी, आणि दुःखान्तासाठीच निर्माण केलेले पात्र.

आरंभीचा काळ : उपहास आणि प्रहार

समलिंगी पात्राच्या आरंभीच्या उदाहरणांत इन्फोकॉम कंपनीच्या ‘मूनमिस्ट’ (१९८६) या मजकुरावर आधारित खेळाचा उल्लेख केला जातो. त्याच्या पर्यायी कथानकांपैकी एकात एका कलावंत स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीवरील प्रेम आणि त्यातून निर्माण झालेला मत्सर हा रहस्याचा भाग आहे. म्हणजे समलिंगी प्रेमाचा हा आरंभीचा उल्लेखही गुन्ह्याच्या उलगड्यापुरता येतो.

निन्टेन्डो कंपनीच्या ‘सुपर मारियो ब्रदर्स २’ या खेळाच्या १९८८ च्या अमेरिकन आवृत्तीत बर्डो नावाचे पात्र आहे. सोबतच्या माहितीपुस्तिकेत, हे पात्र पुरुष असून स्वतःला मुलगी समजते आणि वेगळ्या नावाने हाक मारलेली त्याला आवडते, अशा आशयाचे वर्णन होते. मुलांसाठीच्या खेळात पारलिंगी ओळख अशा प्रकारे एका ओळीचा विनोद म्हणून आली. पुढील काळात कंपनीने हे वर्णन बदलले आणि बर्डोचा उल्लेख बहुतांशी स्त्रीपात्र म्हणून होऊ लागला.

याहून अधिक बोलके उदाहरण कॅपकॉम कंपनीच्या ‘फायनल फाइट’ (१९८९) या मारामारीच्या खेळाचे आहे. यात पॉयझन आणि रॉक्सी या गुंडांच्या टोळीतील दोन स्त्रीपात्रांना खेळाडू मारतो. अमेरिकेत स्त्रियांना मारहाण करणे आक्षेपार्ह ठरेल, अशी भीती निर्माण झाली. त्यावर ही पात्रे मुळात स्त्रिया नसून पारलिंगी आहेत, असे समर्थन पुढे करण्यात आल्याचे या खेळाच्या इतिहासात सांगितले जाते. अखेरीस घरगुती यंत्रावरील अमेरिकन आवृत्तीत त्यांच्या जागी बिली आणि सिड ही पुरुषपात्रे घालण्यात आली.

या घटनेतील तर्क बारकाईने तपासण्यासारखा आहे. स्त्रीला मारणे अयोग्य. परंतु ही व्यक्ती ‘खरी’ स्त्री नसल्यामुळे तिला मारण्यास हरकत नाही, असा तो तर्क होय. येथे पारलिंगी ओळख पात्राच्या जीवनाचा भाग म्हणून येत नाही. हिंसेला परवानगी मिळवण्याचे ते साधन ठरते. प्रत्यक्ष समाजात पारलिंगी व्यक्तींना जी मारहाण सोसावी लागते, तिच्यामागेही ‘ही खरी स्त्री नाही’ हीच भावना अनेकदा असते. त्यामुळे हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. पुढे पॉयझन हे पात्र लोकप्रिय झाले आणि ‘फायनल फाइट रिव्हेंज’ (१९९९) मध्ये खेळाडूला तिच्या रूपाने खेळता येऊ लागले. मार खाणाऱ्या पात्रापासून खेळाडूच्या पात्रापर्यंतचा हा प्रवास १० वर्षांचा आहे.

त्याच वर्षीचा दुसरा मार्ग :

तंत्रज्ञान मर्यादित होते किंवा काळच तसा होता, असे समर्थन या चित्रणाचे केले जाते. तथापि, १९८९ मध्येच सी. एम. राल्फ यांनी मॅकिन्टॉश संगणकासाठी ‘केपर इन द कॅस्ट्रो’ हा रहस्यमय खेळ तयार केला. सॅन फ्रान्सिस्कोमधील कॅस्ट्रो या समलिंगी वस्तीत घडणाऱ्या या कथेत एक समलिंगी स्त्री गुप्तहेर आपल्या हरवलेल्या मित्राचा, म्हणजे स्त्रीवेषात रंगमंचावर सादरीकरण करणाऱ्या कलाकाराचा, शोध घेते. खेळाडू या गुप्तहेराच्या भूमिकेत असतो. खेळ विनामूल्य वाटण्यात आला आणि मोबदल्यात एड्सविषयक कार्य करणाऱ्या संस्थेस देणगी देण्याचे आवाहन करण्यात आले. ज्या समूहावर साथीचे संकट कोसळले होते, त्याच समूहासाठी केलेली ही निर्मिती होती.

उल्लेखनीय बाब अशी की, याच खेळाची ‘मर्डर ऑन मेन स्ट्रीट’ ही समलिंगी संदर्भ वगळलेली आवृत्ती व्यावसायिक विक्रीसाठी काढण्यात आली. म्हणजे विनोद आणि खेळांचे कोडे तेच राहिले. पात्रांची ओळख मात्र बाजारासाठी पुसावी लागली. मूळ खेळ नंतर विस्मृतीत गेला आणि २०१७ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेमार्फत पुन्हा उपलब्ध झाला.

‘पर्याय’ म्हणून समलिंगी प्रेम :

२००० साली प्रकाशित झालेल्या ‘द सिम्स’ या खेळाने नवे वळण घेतले. दैनंदिन कौटुंबिक जीवनाच्या या खेळात दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष परस्परांच्या प्रेमात पडू शकतात. ही सोय वगळण्याचे निर्मात्यांनी ठरवले होते. परंतु पॅट्रिक बॅरेट या नव्याने रुजू झालेल्या प्रोग्रॅमरच्या हाती जुना आराखडा आला आणि त्यांनी त्यानुसार काम पूर्ण केले. १९९९ च्या ई-थ्री प्रदर्शनात दोन स्त्रीपात्रांनी घेतलेल्या चुंबनामुळे खेळाची मोठी चर्चा झाली.

‘द सिम्स’चे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु येथे पात्राचे आकर्षण खेळाडू ठरवतो. ज्याला समलिंगी प्रेम पाहावयाचे नाही, त्याला ते कधीच दिसत नाही. ‘ड्रॅगन एज २’ (२०११) मध्येही नायक स्त्री असो वा पुरुष, प्रमुख चार सहकारी त्याच्या प्रेमाला प्रतिसाद देतात. अशा रचनेत उपहास टळतो, मात्र पात्राची स्वतःची अशी ओळख उरत नाही.

निवड ही निर्मात्याने दिलेली सवलत असते आणि ती नाकारता किंवा परतही घेता येते, हे पुढील दोन प्रसंगांतून स्पष्ट होते. २०१४ मध्ये निन्टेन्डोच्या ‘टोमोडाची लाइफ’ या खेळात समलिंगी विवाहाची सोय नसल्याबद्दल टीका झाली आणि कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ (२०१८) मध्ये नायकाचे प्रेमसंबंध निवडण्याचे स्वातंत्र्य खेळाडूस होते. परंतु जानेवारी २०१९ मधील पूरक भागात, खेळाडूची निवड काहीही असली तरी, नायकाला भिन्नलिंगी जोडीदारापासून मूल होते असे दाखवले गेले. ज्यांनी आपले पात्र समलिंगी म्हणून अनेक तास घडवले होते, त्यांच्यासाठी ती ओळख एका प्रसंगाने रद्द झाली. या प्रकरणीही निर्मात्या कंपनीस क्षमा मागावी लागली.

व्यक्तिरेखा म्हणून चित्रण :

‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ (२०१४) मधील डोरियन हे पात्र या संदर्भात वेगळे ठरते. तो केवळ पुरुषांवर प्रेम करतो. खेळाडूची इच्छा त्यात बदल करू शकत नाही. जादूने त्याचे आकर्षण बदलण्याचा प्रयत्न त्याच्या वडिलांनी केलेला असतो आणि त्या आघातातून पिता-पुत्रांत दुरावा निर्माण झालेला असतो. घराण्याची प्रतिष्ठा आणि मुलाचे सुख यांतील हा संघर्ष कोणत्याही समाजातील वाचकास परिचित वाटावा असा आहे. त्याच खेळातील क्रेम हा पारलिंगी पुरुष प्रथम भाडोत्री सैन्यातील अधिकारी म्हणून भेटतो. त्याची लिंगओळख नंतर संवादातून कळते. मात्र त्याला स्त्री कलाकाराचा आवाज दिल्याबद्दल काही समीक्षकांनी आक्षेप नोंदवला.

सदिच्छा असूनही चूक होऊ शकते, याचे उदाहरण ‘मास इफेक्ट : अँड्रोमेडा’ (२०१७) मध्ये आढळते. यातील हेनली अब्राम्स ही पारलिंगी स्त्री पहिल्याच भेटीत अनोळखी नायकाला आपले पूर्वीचे नाव सांगून टाकते. पारलिंगी व्यक्ती असे सहसा करीत नाहीत, हे खेळाडूंनी निदर्शनास आणल्यावर बायोवेअर कंपनीने क्षमा मागून संवाद सुधारला. ‘टेल मी व्हाय’ (२०२०) या खेळात टायलर हा पारलिंगी तरुण प्रमुख पात्र असून त्याला पारलिंगी कलाकाराचाच आवाज आहे. त्याची मुख्य कथा मृत आईविषयीच्या आठवणींची आणि जुळ्या बहिणीशी असलेल्या नात्याची आहे. लिंगओळख हा तिचा एक भाग आहे.

स्थित्यंतराचा नेमका अर्थ एकाच प्रसंगाच्या दोन आवृत्त्यांतून समजतो. ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) मध्ये क्लाउड हा नायक एका मैत्रिणीच्या सुटकेसाठी स्त्रीवेष धारण करतो. त्या ओघात येणाऱ्या ‘हनी बी इन’ या ठिकाणी धष्टपुष्ट पुरुष त्याच्या अंगचटीला येतात आणि त्याची अवघडलेली अवस्था हा विनोदाचा विषय होतो. २०२० च्या नव्या आवृत्तीत तेच ठिकाण नृत्याचा रंगमंच बनते. क्लाउड तेथील प्रमुख नर्तकासोबत नाचतो आणि सौंदर्याला स्त्री-पुरुष असा भेद नसतो, असे तो नर्तक त्याला सांगतो. कथानकाची गरज तीच राहिली. हसण्याचे कारण तेवढे बदलले. ‘पर्सोना ५’ (२०१६) मध्ये मात्र किशोरवयीन मुलाच्या मागे लागणाऱ्या दोन समलिंगी पुरुषांचे विनोदी चित्रण आढळते. २०२० च्या विस्तारित इंग्रजी आवृत्तीत त्यांचे संवाद बदलावे लागले. यावरून जुने साचे कालांतराने आपोआप नष्ट होतात, असे मानता येत नाही.

संख्या आणि बाजार :

ग्लॅड या अमेरिकन संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार सुमारे १७ टक्के खेळाडू स्वतःला एलजीबीटीक्यू समूहातील मानतात. परंतु असा आशय असलेल्या खेळांचे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी आहे. अशी पात्रे खेळाडूंना रुचणार नाहीत, असे कारण यासाठी अनेकदा दिले जाते. एली या समलिंगी तरुणीला प्रमुख स्थान देणाऱ्या ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ या खेळाच्या जून २०२० मध्ये पहिल्या तीन दिवसांत ४० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. या खेळावर पात्रांच्या कारणाने तीव्र टीकाही झाली, हे खरे. तथापि बाजाराचे कारण पुरेसे नाही, हे या आकड्यावरून दिसते.

निष्कर्ष :

१) आरंभीच्या खेळांत एलजीबीटी ओळख प्रामुख्याने विनोद, गुन्हा किंवा हिंसेचे समर्थन यांसाठी वापरली गेली.
२) त्याच काळात सन्मानपूर्वक चित्रणही शक्य होते, हे ‘केपर इन द कॅस्ट्रो’वरून सिद्ध होते.
३) ‘पर्याय’ म्हणून दिलेले प्रतिनिधित्व उपयुक्त असले तरी ते अदृश्य राहू शकते आणि रद्दही होऊ शकते.
४) पात्राला खेळाडूच्या इच्छेपलीकडे स्वतःची ओळख असणे आणि त्या ओळखीपलीकडे जीवन असणे, या दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच व्यक्तिरेखा निर्माण होते.
५) संबंधित समूहातील व्यक्तींचा निर्मितीत सहभाग असल्यास चुका टाळणे सुलभ होते.

समारोप :

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढ व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. न्यायालयाचा निर्णय एका दिवसात होतो. वर्गातील आणि वसतिगृहातील वागणूक बदलण्यास मात्र वेळ लागतो. या काळात समलिंगी किंवा पारलिंगी सहाध्यायी कसा असतो, याची पहिली कल्पना काही विद्यार्थ्यांना अशा खेळांतूनच मिळत असेल. ज्या विद्यार्थ्याची स्वतःची ओळख तीच आहे, त्याला तेथे आपण हसण्याचा विषय आहोत, मार खाणारे पात्र आहोत, की कथेचे नायक आहोत, याचे उत्तर मिळते. म्हणून माध्यमाभ्यास, समाजशास्त्र आणि साहित्य या विषयांच्या अध्यापनात व्हिडिओ गेममधील पात्रचित्रणाचा समावेश होणे अगत्याचे आहे.