रेंजबाहेरची मुलं

पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि तालुका तुटतो. एरवीही जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली इथून जवळपास १८० किलोमीटर. मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ गाठायचे तर त्यापुढे नागपूर. हाड मोडलं तर माणूस एवढी पायपीट करतो. पण चार वर्षांचं पोर हाकेला वळून बघत नाही, तासन् तास सायकलचं चाक फिरवत बसतं, एवढ्यासाठी मजुरी कोण बुडवणार? ‘मुकं असेल’, ‘बाहेरचं लागलंय’ म्हणत पुजाऱ्याकडे खेपा होतात आणि शिकण्याची ऐन वर्षं हातची जातात.

अशा वागण्याचं, म्हणजे स्वमग्नतेचं (ऑटिझमचं), सविस्तर वर्णन १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी केलं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आली. त्याआधीच, फेब्रुवारी २०१३ मध्ये, पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला होता. त्याची पथकं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतात आणि त्यांच्या यादीत स्वमग्नताही आहे. म्हणजे मूल नजरेस पडण्याची सोय कागदावर तरी आहे. घोडं अडतं ते पुढे. या मुलांना एका गोळीनं भागत नाही. महिनोन् महिने, आठवड्यामागून आठवडा शिकवावं लागतं.

मग फोनवरून? २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीमुळे उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो. ताप, रक्तदाब, खरूज यांना हे छान चालतं. स्वमग्न मूल मात्र अनोळखी खोलीत पडद्यासमोर सहसा बसत नाही. डॉक्टरांना दिसते ती पळणारी पाठ. शिवाय आईची भाषा भामरागडला माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली. प्रश्न मराठीत, उत्तर खांदे उडवून.

वाट सापडते गोव्यात. ‘संगत’ संस्थेनं गोव्यात आणि संशोधकांच्या दुसऱ्या चमूनं पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आला. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. एकूण बारा भेटी, आणि हत्यार एकच: आई-मुलाच्या खेळाचं चित्रीकरण.

ते चालतं असं. आई मुलासमोर वाटी आणि चिंचोके घेऊन बसते. दहा मिनिटं खेळ, कार्यकर्ती फोनवर टिपते. नंतर दोघी तेच बघतात. ‘इथं थांबवू या. त्यानं काय केलं?’ मुलानं चिंचोका वाटीत टाकला आणि क्षणभर आईकडे पाहिलं. आई तेव्हा ‘अजून टाक, अजून टाक’ म्हणण्याच्या घाईत होती; ती नजर तिला दिसलीच नाही. पुढच्या पंधरवड्यात तिनं करायचं एवढंच: बोलायचं कमी, थांबायचं जास्त, त्यानं पाहिलं की आपण चिंचोका टाकायचा. अभ्यासात पालक मुलांच्या कलानं वागू लागले आणि मुलंही आपणहून जास्त संवाद साधू लागली. सगळीच मापं सुधारली नाहीत, तरी ही दोन बळ देणारी होती.

ही पद्धत जंगलाला मानवेल, कारण चित्रीकरणाला रेंज लागत नाही. जिवतीच्या पहाडावर किंवा एटापल्लीच्या आतल्या टोल्यावर खेळ टिपायचा, आठवडी बाजाराला आलं की पाठवायचा. नागपूरच्या तज्ज्ञानं सवडीनं बघून आवाजी निरोप धाडायचा आणि गावच्या आशाताईनं तो आईच्या भाषेत समजावायचा. आईची संमती आणि चित्रफितीची गुप्तता तेवढी काटेकोर सांभाळायला हवी.

गावच्या बाईला हे जमेल का, ही शंका निदान गडचिरोलीत तरी कुणी काढू नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं इथल्याच ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलं आणि २०११ पासून हीच घरोघरची काळजी देशभरच्या आशांच्या कामात आली. त्यांच्या झोळीत वजनकाटा आहे, थर्मामीटर आहे, हातात फोनही आहे. कमी आहे ते प्रशिक्षण, आणि पाठीशी एक तज्ज्ञ. बाळाच्या भेटींचा मोबदला आशाताईंना मिळतो. या बारा भेटींचाही दर त्याच तक्त्यात लिहावा लागेल.