लायसन्स आलं, पण पैसे घेता येतील का?

अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की मनात येतं: विमान चालवायला शिकू, पर्यटकांना वरून कुलाबा किल्ला दाखवू, तिकीट लावू. आयडिया झकास! पण आधी हिशेब मांडा.

प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी वय १७ पूर्ण, दहावी पास, मेडिकल, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. एवढं करूनही प्रवाशाकडून भाडं घेता येत नाही! त्यासाठी कमर्शियल लायसन्स हवं, म्हणजे किमान २०० तास. शिवाय भाड्याने विमान चालवायचा परवाना वेगळाच.

जे. आर. डी. टाटांना लायसन्स मिळालं १९२९ मध्ये. कराचीहून मुंबईला त्यांचं विमान आलं १९३२ मध्ये, टपाल घेऊन. आधी टपालाचं काम पक्कं झालं, मग विमान उडालं.

तुमचा धंदा होमस्टेचा असो की मसाल्यांचा, कोर्सची फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. या कागदावर मला पैसे घेता येतात का? आणि पैसे देणार कोण? उत्तर नसेल, तर हौस म्हणून खुशाल शिका. धंद्याचं भांडवल मात्र त्यात घालू नका.