रिकाम्या कोठाराची फसगत

यवतमाळ जिल्ह्याचे तालुके सोळा. समजा, त्यांचे सातबारा उतारे ठेवण्यास एका सर्व्हरला सोळा डिस्क जोडल्या आहेत. पुसदची डिस्क बिघडते. यंत्र पुन्हां सुरू करतांना ती जोडली जात नाहीं. लिनक्समध्यें ‘नोफेल’ ही सूचना दिलेली असल्यास बाकीचें काम अडत नाहीं, ही सोय चांगलीच. पण पुसदच्या नांवाचा रिकामा फोल्डर मागें उरतो, आणि फसगत होते ती येथेंच! भाबडा सर्व्हर नव्या नोंदी त्यांत लिहितो. त्या साठतात मूळ डिस्कवर. ती भरली कीं वणी, दारव्हा, उमरखेड सारेंच ठप्प. म्हणून लिहिण्यापूर्वीं डिस्क खरोखर जोडलेली आहे काय, हें पाहावें. दुरुस्त डिस्क परत जोडण्याआधीं त्या नोंदी बाहेर काढाव्या. नाहीं तर त्या तिच्याखालीं झांकल्या जातात आणि असूनहि दिसत नाहींत.