‘माझ्या हाताची सर दुसऱ्याला नाही’ : काम वाटून देण्याबद्दलचे गैरसमज

लगीनसराई जवळ आली की नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं. “काम भरपूर आहे हो, पण दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. गिऱ्हाईक माझा हात बघून येतं.” ब्लाऊजवर आरी वर्क करणाऱ्या ताई हे म्हणतात, लग्नाचं शूटिंग करणारे फोटोग्राफर म्हणतात, पत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करणारेही म्हणतात. मग रात्री दोन-दोनपर्यंत जागायचं, दिलेली तारीख चुकवायची, दारात आलेली ऑर्डर परत पाठवायची आणि वर्षाअखेरी ‘धंद्यात काही राहत नाही’ म्हणून कपाळाला हात लावायचा. इतकं नुकसान करणारं वाक्य कुणी तपासूनही बघत नाही, याचा खरंच राग येतो.

गैरसमज : प्रत्येक काम मालकानं स्वतः केलं तरच दर्जा टिकतो

वस्तुस्थिती : आपल्या शेजारची एक नावाजलेली कला मुळात वाटलेल्या कामावरच उभी आहे. लातूर रोडहून विकाराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उदगीर, भालकी आणि मग बिदर लागतं. तिथलं बिदरीकाम बहमनी काळापासून नावाजलेलं आहे. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओतायचं, ते घासून गुळगुळीत करायचं, त्यावर नक्षी काढायची, छिन्नीनं ती कोरायची, कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात भांडं काळं करायचं, म्हणजे चांदी उठून दिसते. ओतणारा, कोरणारा, चांदी बसवणारा हे बहुधा वेगवेगळे कारागीर असतात. या कलेसाठी शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. काम अनेक हातांतून गेल्यानं कलेची किंमत घटली असं तिथं कुणी म्हणत नाही.

राजा रविवर्म्यांचंही तसंच. त्यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा स्वतः चित्रकार होते. ते चित्रकामात मदत करत आणि व्यवहारही बघत. 1894 साली मुंबईत छापखाना निघाला तेव्हा चित्रं दगडावर उतरवून छापण्यासाठी जर्मन तंत्रज्ञ आणले गेले. त्या छपाईतूनच रविवर्म्यांची लक्ष्मी-सरस्वती घराघरांच्या देवघरात पोचली. प्रत्येक प्रत स्वतःच रंगवायची असं त्यांनी ठरवलं असतं, तर ती चित्रं राजवाड्यांच्या भिंतींवरच राहिली असती.

“पण दुसऱ्यानं केलेलं काम मला कमीच वाटतं, त्याचं काय?” हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यावर अभ्यास झालेला आहे. जेफ्री फेफर, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घड्याळाची एकच जाहिरात सगळ्यांना दाखवली. काहींचा समज करून दिला, की ती त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली आहे. त्या लोकांनी जाहिरातीला जास्त गुण दिले. जाहिरात तीच होती, फक्त ‘यात माझा हात आहे’ ही भावना वेगळी होती. 2012 साली मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन अॅरिएली यांनी असंच काही दाखवून दिलं. नवख्या लोकांनी कागदाच्या घड्या घालून बगळे-बेडूक केले आणि त्यांची किंमत जवळजवळ निष्णात कारागिराच्या कामाइतकी लावली. इतरांच्या लेखी मात्र त्या वस्तूंना फारशी किंमत नव्हती.

म्हणून दर्जा ठरवताना फक्त स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका. स्वतःचं एक आणि दुसऱ्याकडून करून घेतलेलं एक अशी दोन कामं नाव न सांगता चार जुन्या गिऱ्हाइकांसमोर ठेवा आणि फरक ओळखायला सांगा. फरक ओळखू आला, तर नेमका कुठे आला ते विचारा. तेवढंच शिकवायचं राहिलंय असं समजा.

आता नवरीचा एक ब्लाऊज घेऊ. माप घेणं, गळ्या-बाह्यांचं डिझाइन ठरवणं, ते ट्रेसिंग पेपरवर काढून सुईनं भोकं पाडणं, त्यावरून पावडरचा बोळा फिरवून खाका कापडावर उतरवणं, कापड फ्रेमवर ताणणं, बाहेरची रेघ, आतली भरणी, मणी-मोती, मागच्या गाठी पक्क्या करणं, कटिंग, शिलाई, हूक, लटकन, इस्त्री. यातलं गिऱ्हाईक काय बघतं? ब्लाऊज अंगावर बसला का, गळा सांगितला तसा आला का, रंग साडीला शोभतो का आणि हळदीच्या आधी हातात पडला का. म्हणजे माप, डिझाइन आणि शेवटची तपासणी या तीन जागी मालकिणीचा हात हवाच. भोकं पाडायला, गाठी मारायला, हूक लावायला तो कशाला हवा? साडीचं पिको-फॉल तर कित्येक जणी वर्षानुवर्षं बाहेरच देतात. त्यावरून ‘तुमच्या हातची मजा गेली’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

दर्जा बिघडतो तो बहुतेक वेळा अर्धवट सांगण्यामुळे. “छान कर, नीट कर” ही सूचना नाही. “बाहेरची रेघ दुहेरी, मण्यांमध्ये अंतर नको, गाठ मागे दोनदा मार, शिलाईच्या रेषेपासून अर्धा इंच आत मणी आलाच नाही पाहिजे, नाहीतर मशीनची सुई तुटते” ही सूचना आहे. सोबत एक तयार नमुना द्यायचा. आणि तपासणी काम संपल्यावर नव्हे, मध्येच करायची. खाका उतरल्यावर पाच मिनिटं बघितलं, तर चूक पुसता येते. पूर्ण भरल्यावर बघितलं, तर उसवावं लागतं. हे तिन्ही न करता काम दिलं, बिघडलं आणि मग ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’ असं म्हटलं, तर शिकणाऱ्यावर अन्याय होतो.

गैरसमज : शिकवलं की तो समोरच दुकान टाकतो, म्हणून बॉण्ड लिहून घ्यावा

वस्तुस्थिती : काही जण दुकान टाकतात, हे खरं आहे. आज स्वतःचा स्टुडिओ चालवणारे कितीतरी फोटोग्राफर आधी कुणाच्या तरी हाताखाली लाइट धरूनच शिकले. पण ‘इथून गेल्यावर हा धंदा करणार नाही’ असं लिहून घेतलेला कागद उपयोगाचा नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार धंदा करण्यावर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. कामावर असताना बाहेरची ऑर्डर घ्यायची नाही, गिऱ्हाइकांची यादी बाहेर द्यायची नाही, अशा अटी घालता येतात. खरं संरक्षण कामाच्या वाटणीतच आहे. व्हिडिओचं मिक्सिंग करणारा मिक्सिंग शिकून जाईल, पण नवरीकडच्या मंडळींशी बोलणं, दर ठरवणं आणि आल्बममध्ये कोणता फोटो कुठे घ्यायचा हा निर्णय तुमच्याकडे असेल, तर गिऱ्हाईक तुमच्याकडेच येतं.

गैरसमज : सांगत बसण्यापेक्षा स्वतः करून टाकलेलं परवडतं

वस्तुस्थिती : एकदाच येणाऱ्या कामापुरतं हे बरोबर आहे. पण समजा पत्रिकेचा मजकूर लावायला तुम्हाला तासभर लागतो आणि मुलाला ते शिकवायला आठ तास गेले. नवव्या पत्रिकेपासून तुमचा वेळ वाचायला लागतो. ज्याच्याकडे हंगामात रोज पत्रिका येतात, त्याचे आठ तास दोन आठवड्यांत वसूल होतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

*माणूस ठेवला की पीएफ आणि ईएसआयसी मागे लागतं.* पीएफ साधारणपणे 20 माणसांपासून आणि ईएसआयसी 10 माणसांपासून लागू होते. दोन मदतनिसांच्या दुकानाला त्याची भीती नको. किमान वेतन मात्र एका माणसालाही द्यावंच लागतं.

*पगार परवडत नाही, म्हणून काम देता येत नाही.* नगावर, आल्बमवर, पत्रिकेवर दर ठरवूनही काम देता येतं. हंगामी धंद्याला तेच सोयीचं पडतं. मात्र पैसे ठरलेल्या दिवशी द्या, नाहीतर ऐन मे महिन्यात चांगला कारागीर फोन उचलणार नाही.

*पैसे मोजले म्हणजे डिझाइन आपलंच झालं.* पगारी नोकरानं कामाचा भाग म्हणून केलेल्या डिझाइनचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या डिझायनरनं केलेल्या लोगोचा किंवा रेखाटनाचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. तो घ्यायचा तर प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 19 नुसार लेखी आणि सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. तेव्हा मुदत लिहा आणि मूळ कोरल फाइलही मागून घ्या.

*काम दिलं म्हणजे जबाबदारी संपली.* गिऱ्हाइकासमोर उत्तर मालकानंच द्यायचं असतं. ‘पोरानं बिघडवलं’ हे उत्तर होत नाही.

*काम दिलं, पण प्रत्येक गोष्ट विचारूनच करायची.* मग ते काम दिलंच नाही. धागा संपला तर त्याच छटेचा आणायचा निर्णय तरी कारागिराला घेऊ द्या.

शिकवायला लगीनसराईची वाट बघू नका. तेव्हा शिकवायला सवड नसते आणि चूक परवडत नाही. पितृपक्षात काम थंडावतं, तेव्हा आपल्या धंद्यातल्या सगळ्या पायऱ्या कागदावर लिहा, तुमचा हात कुठे हवाच हवा तिथं खूण करा आणि उरलेल्यातली एकच पायरी एका माणसाला शिकवा. ती बसली की दुसरी.

हे मालकाच्या फायद्यापुरतंच नाही. कंधार, किनवट, अहमदपूर, निलंग्याची हात चांगला असलेली मुलं-मुली इथं शिकवणारं कुणी नाही म्हणून पुण्याची गाडी धरतात. आणि इथले मालक ‘माणूस मिळत नाही’ म्हणत परत पाठवलेल्या ऑर्डरी मोजतात. माणूस तयार मिळत नसतो, शिकवून तयार करावा लागतो. ते काम सरकार येऊन करणार नाही, ते प्रत्येक दुकानातच व्हायला हवं.