पंचनाम्यानंतरचा हिशेब

17 मे 2021. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे सरकले आणि शहरातल्या कोळीवाड्यांत होड्या एकमेकींवर आदळून फुटल्या, जाळी फाटली. अशा वेळी पुढचा क्रम ठरलेला असतो. वादळ ओसरले की सरकारी माणसे येतात, होडीचा नंबर आणि कागदपत्रे बघतात, फोटो काढतात आणि पंचनाम्यावर सह्या होतात. केंद्राच्या तेव्हाच्या निकषांनुसार पूर्ण मोडलेल्या होडीला 9,600 रुपये आणि दुरुस्तीला 4,100 रुपये मिळायचे. तौक्तेनंतर राज्य सरकारने ते वाढवून 25,000 आणि 10,000 केले. जाळ्यांसाठी 5,000 रुपये ठरले. मासेमारी नौका बांधायला खर्च लाखांत येतो, हे मुंबईच्या वर्सोवा कोळीवाड्यातले शेंबडे पोरही सांगेल. तरीही वाढ झाली, ही चांगलीच गोष्ट.

मला मात्र पंचनाम्याच्या पुढचे विचारायचे आहे. पैसे कधी पोचले? पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होडी दुरुस्त करायची ती याच दोन महिन्यांत, नारळी पौर्णिमेच्या आत. तेच दहा हजार रुपये जुलैत हाती आले तर होडी हंगामाला लागते. दिवाळीला आले तर तोवर सावकाराचे व्याज चढलेले असते. खात्याच्या तक्त्यात मात्र दोन्ही लाभार्थी एकाच रकान्यात बसतात, कारण तिथे नोंद असते फक्त रकमेची.

दुसरा प्रश्न बायकांचा. कोळीवाड्यात मासळी बंदरात उतरली की विक्री आणि सुकवणी हा कोळणींचा कारभार. बोंबील बांबूंच्या वलांडीवर वाळतात, कोळीम आणि जवळा खळ्यावर पसरतात. मे महिना म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा महिना, आणि वादळ आले ते नेमके मेमध्ये. आपत्ती निकषांच्या मत्स्यव्यवसाय विभागात होडी आहे, जाळे आहे, मत्स्यशेतीसाठी अनुदान आहे. वलांडीवर भिजून कुजलेल्या बोंबलांना तिथे रकानाच नाही. ज्या नुकसानीला रकाना नाही तिचा पंचनामा होत नाही, आणि ज्याचा पंचनामा नाही त्याचे मूल्यमापन तरी कोण करणार?

मदतकार्याच्या क्षेत्रात मूल्यमापनाच्या कामाला आता मोठी यंत्रणा आहे. आरंभीची पाहणी म्हणजे बेसलाइन, अखेरची एंडलाइन, मधल्या काळात प्रगती मोजणारे इंडिकेटर, मोबाइलवर भरायचे फॉर्म, जिओटॅग केलेले फोटो. या साधनांशी माझे भांडण नाही. ती नसतील तर चोऱ्या होतात, एकाच घरात तीन किट जातात आणि शेजारच्या घरात एकही नाही. माझे म्हणणे इतकेच, की ज्याच्यासाठी मदत आली त्याला मोजणीत आवाज हवा, आणि मोजणीचा निष्कर्ष काम चालू असतानाच कामाला लागला पाहिजे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. 1876 ते 78 च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपल्या माणसांकरवी तालुक्या-तालुक्यातून माहिती गोळा केली आणि सरकारला धाडली. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले होते. मजुरांनी कामे सोडली, आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या सभेने त्यांची बाजू लावून धरली. मदत देणाऱ्याचा हिशेब बाहेरच्याने तपासण्याची ही परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे. पुढे रोजगार हमीचा अभ्यास करताना कुमुदिनी दांडेकरांनी कामावरच्या बायकांकडे मुद्दाम लक्ष वेधले, तेही याच वळणाचे काम.

सगळ्यात मोठा धडा किल्लारीचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्हे भूकंपाने हादरले, सुमारे आठ हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून भूकंप पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. सर्वाधिक पडझड झालेली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. जमीन किती यावर घर ठरले: 250, 450 किंवा 750 चौरस फूट. घरे मजबूत होती, संख्याही पुरी झाली. पण आखणी चौकटीची, रुंद सरळ रस्त्यांची. जुन्या गावातले वाडे, गल्ल्या आणि भावकीचे शेजार त्या नकाशात बसले नाहीत. गुरे बांधायची कुठे, शेत किती लांब पडले, हे प्रश्न घरे बांधून झाल्यावर पुढे आले. पुढे लोकांनी आपापल्या गरजेने घरांना जोडकामे केली. किती घरे बांधली याचे उत्तर कार्यक्रमाकडे तयार होते, ती कशी राहिली जातात याचे उत्तर लोकांनी स्वतःच्या हाताने असे दिले.

त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. ज्या गावांत घरे पडली नव्हती, तडे गेले होते, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करायचे होते आणि पैसा हप्त्यांनी मिळायचा होता. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने हजाराहून अधिक गावांत बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. कोणाचा हप्ता अडला, काम नीट होते आहे का, हे त्या गावातच बघत आणि अभियंत्यापर्यंत पोचवत. ही देखरेखच होती, पण तिचा अहवाल वर्षअखेरीस मुंबईला जाण्याची वाट बघत नव्हता. चौकटीत सिमेंट भरण्याआधी चूक सापडली तर ती दुरुस्त होते. ज्यांनी तपासणी केली त्यांना त्याच गावात राहायचे होते, म्हणून ती तपासणी खरी होती, असे मला वाटते.

जगालाही हे ठेचा खाऊनच समजले. रवांडातल्या मदतकार्याचे संयुक्त मूल्यमापन 1996 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातल्या कडक टीकेनंतर किमान मानके ठरवण्याच्या कामाने वेग घेतला. त्यातून आलेल्या स्फिअर मानकांत माणशी रोज किमान 15 लिटर पाणी धरले आहे. 2004 च्या त्सुनामीनंतरचा अनुभव तर वर्सोव्याने मुद्दाम वाचावा असा आहे. देणगीदारांना होडी देणे सोपे वाटले. होडी दिसते, मोजता येते, फोटोत शोभते. परिणामी इंडोनेशिया आणि श्रीलंकेत अनेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्त होड्या वाटल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी समुद्रात नेण्याजोग्याही नव्हत्या.

मोजणीचे हेच कोडे वर्सोव्याच्या वाळूवरही पडले. ऑक्टोबर 2015 मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे 84 वर्षांचे शेजारी यांनी चौपाटीवरचा कचरा उचलायला सुरुवात केली. माणसे जोडली गेली, पुढच्या दोनेक वर्षांत सुमारे 50 लाख किलो कचरा निघाला आणि 2016 मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ सन्मान मिळाला. मार्च 2018 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले याच वाळूतून समुद्राकडे गेली. माझ्या लेखी 50 लाख किलोपेक्षा ती पिल्ले मोठा पुरावा आहेत. किलो हा केलेल्या कामाचा आकडा. कासवीने अंडी घातली, हा किनाऱ्यात पडलेला फरक. पण दर पावसाळ्यात नाले आणि खाड्या नवा कचरा आणून टाकतातच. म्हणून शाह पुढे मिठी नदीकडे आणि घराघरांतल्या प्लास्टिककडे वळले. आपल्याच आकड्यांवर समाधान न मानता काम उगमाकडे नेले, याला मी उत्तम मूल्यमापन म्हणतो, मग त्याचा छापील अहवाल असो वा नसो.

पुढचे वादळ येणारच आहे. अरबी समुद्रातली चक्रीवादळे वाढली आहेत, हे हवामानतज्ज्ञ सांगत आहेत. तेव्हा बेसलाइन आत्ताच हवी, आणि ती कोळीवाड्यानेच करावी. मच्छीमार सहकारी संस्थांकडे होड्यांची नोंद असते. तिला जोडून वलांडी आणि खळी किती, सुकवणी कोण करते, होडी स्वतःची नसलेले खलाशी किती, बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या कोळणी किती, ही वही तयार व्हावी. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था वर्सोव्यातच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना या कामात घेता येईल. वही मराठीत असावी, दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी वाड्यात सगळ्यांसमोर वाचली जावी आणि तिची एक प्रत तहसील कचेरीत पोच घेऊन द्यावी. पंचनाम्याला येणाऱ्या माणसासमोर मग सुकवणीचे नुकसानही कागदावर मांडता येईल.