दोन घमेली माती

दसरा सरला की मुंबईच्या उपनगरांत मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘काका, माती कुठे मिळेल?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर वर्षागणिक अवघड होत चाललं आहे. मुलुंड-घाटकोपरच्या चाळींपुढे अंगण असे, बोरिवलीत घरामागे वाडी असे, आमच्या अंधेरीत विहिरीच्या कडेला मोकळी जागा असे. आता त्या जागी इमारती उभ्या आहेत, इमारतींच्या तळाशी गाड्या आहेत आणि गाड्यांमधून उरलेल्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. दिवाळीचा किल्ला करायचा तर कुठे आणि कशाचा? मग बाजारातून प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला येतो. गॅलरीत स्टुलावर ठेवला, वर चार मावळे उभे केले की पाच मिनिटांत काम झालं.

त्या तयार किल्ल्याला नावं ठेवण्यासाठी मी बोलत नाही. ज्याच्या घरात जागाच नाही, त्यानं काय करावं? पण मातीचा किल्ला करताना मुलाच्या हाताला काही गोष्टी कळतात, त्या तयार किल्ल्यातून कळत नाहीत. त्या कोणत्या, एवढंच आज पाहू. त्यासाठी आधी थोडं दूर जाऊन येऊ.

छोटी रणभूमी मांडण्याचा उद्योग जगात मोठी माणसंही करतात, आणि तोही बारा महिने. टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडायचं, बोटाच्या पेराएवढे सैनिक उभे करायचे, फूटपट्टीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची. १८१२ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या उमरावानं राजासाठी असं एक टेबल तयार केलं. त्यावर प्लास्टरचे ठोकळे हवे तसे जुळवून हवा तो मुलूख मांडता येई. त्याच्या मुलानं १८२४ मध्ये खेळाचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले आणि प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो वापरला गेला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तोच खेळ घराघरांतल्या जमिनीवर आणला.

या हौशी मंडळींच्या आवडीचं एक काम म्हणजे कच्च्या विटांची, मातीनं लिंपलेली घरं. उत्तर आफ्रिकेतली किंवा मेक्सिकोतली लढाई मांडायची तर अशी घरं लागतातच. इंग्रजीत त्यांना ‘अडोबी’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिशमधून आला, स्पॅनिशमध्ये तो अरबीतल्या ‘अत्-तूब’वरून आला, आणि तूब म्हणजे वीट. त्याचं मूळ तर प्राचीन इजिप्तच्या भाषेपर्यंत जातं. नाईलच्या काठची कच्ची वीट शब्दाच्या रूपानं अशी अमेरिकेपर्यंत पोचली.

ही इवली घरं करतात कशी? दाट फोमच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या भिंती कापून चिकटवतात. कोपरे पॉलिश पेपरनं घासून गोलसर करतात, कारण मातीच्या घराला धारदार कोपरा नसतो. भिंतीवर वाळू मिसळलेली पुट्टी बोटानं फासतात. छताच्या तुळयांची टोकं म्हणून काड्यांचे तुकडे बाहेर काढतात. मग गडद तपकिरी रंग देतात आणि तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट रंग वरवर ओढतात. उंचवट्यांवर फिकट रंग बसतो, खाचांत गडद राहतो आणि भिंत पन्नास पावसाळे पाहिल्यासारखी दिसू लागते. फोम मातीसारखा दिसावा म्हणून ही माणसं दिवसच्या दिवस खपतात. आपल्या मुलांच्या हाती मात्र खरी मातीच होती.

आता त्या मातीकडे वळू. सगळी माती सारखी नसते. इमारतीच्या खोदकामातून निघतो तो बहुधा मुरूम, म्हणजे झिजलेला काळा खडक. भरावाला तो चांगला, लिंपायला नाही. नर्सरीत गोणीनं मिळणारी लाल माती चाळून घेतली की काम होतं. ती कशी आहे ते पाहायचं असेल तर काचेच्या बरणीत अर्धी माती, अर्धं पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच तळाला बसते, तिच्यावर हळूहळू बारीक गाळ बसतो आणि सर्वांत वर चिकणमाती, तिला दुसरा दिवसही उजाडतो. बरणीतल्या थरांवरून कळतं, मातीत चिकटपणा किती आणि वाळू किती.

चिकणमाती जास्त असेल तर बुरूज सुंदर वळतो, पण दुसऱ्या दिवशी त्याला भेगा पडतात. चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी अडकलेलं असतं. पाणी उडून गेलं की पापुद्रे जवळ येतात आणि भिंत आकसते. वरचा थर आधी वाळतो, आतला ओला असतो, म्हणून वरचा फाटतो. वाळू मिसळली की आकसणं कमी होतं. गवताचे बारीक तुकडे किंवा भुसा मिसळला की एका मोठ्या भेगेऐवजी अगदी बारीक, निरुपद्रवी भेगा पडतात. तीन भाग माती, एक भाग वाळू आणि मूठभर भुसा, एवढ्यावर सुरुवात करावी आणि पुढचं हातानं ठरवावं.

पूर्वी महाराष्ट्रात हे ज्ञान घरोघर होतं. मराठवाड्यात, खानदेशात गावोगावी पांढऱ्या मातीच्या गढ्या होत्या, काहींचे बुरूज अजून उभे आहेत. धाब्याच्या घरांवर पावसाळ्याआधी नवी माती टाकण्याचा रिवाज होता. मातीच्या भिंतीचा वैरी एकच, पाणी. ते वरून मुरू द्यायचं नाही आणि पायाशी साचू द्यायचं नाही, एवढं सांभाळलं तर ती भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

किल्ला करताना आधी डोंगर करायचा. विटांचे तुकडे, दगड रचून त्यावर भिजवलेलं गोणपाट टाकायचं आणि त्यावर मातीचा चिखल थापायचा. इथे मुलाला पहिला धडा मिळतो, तो उताराचा. कोरडी वाळू ओतली तर तिचा ढीग तीस-पस्तीस अंशांच्या उतारावर थांबतो, त्याहून उभा राहत नाही. थोडी ओली माती त्याहून उभी राहते, कारण ओलाव्यामुळे कण एकमेकांना धरून राहतात. पण पाणी फार झालं की तीच माती घसरते. पायथा पोखरला तरी घसरते. घाटकोपरच्या डोंगरउतारावर जुलै २००० मध्ये मुसळधार पावसात दरड कोसळली आणि झोपड्यांमधली साठहून अधिक माणसं गेली. आपल्या उपनगरांत कितीतरी कुटुंबं आजही अशाच उतारांवर राहतात. झारीनं पाणी घालताना आपल्या किल्ल्याचा कडा बसलेला ज्या मुलानं पाहिला आहे, त्याला पावसाळ्यातली ती बातमी वेगळी समजते.

दुसरा धडा वाटेचा. बहुतेक मुलं पायथ्यापासून दरवाजापर्यंत सरळ पायऱ्या काढतात. त्यांना विचारावं, ‘शत्रू आला तर?’ रायगडाचा महादरवाजा पाहा. दोन बुरुजांच्या कुशीत तो असा दडवला आहे की वाट वळल्याशिवाय दिसतच नाही. समोर मोकळं मैदान नाही, त्यामुळे हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही आणि तोफेला नेम धरता येत नाही. येणारा मात्र दोन्ही बुरुजांवरच्या माऱ्याखाली सापडतो. या रचनेला गोमुखी म्हणतात. मुलाला हे नुसतं सांगून पटत नाही. मातीचे दोन बुरूज हातानं वळवून मधून बोट फिरवलं की पटतं.

तिसरा धडा पाण्याचा. गडावर पाणी नसेल तर तट कितीही उंच असो, उपयोग नाही. म्हणून कातळात टाकी खोदत, आणि खोदताना निघालेला दगड तटाला, वाड्याला वापरत. एकाच कष्टात दोन कामं. आपल्या किल्ल्यावर करवंटी बसवून तळं करता येतं आणि सलाईनच्या नव्या नळीनं कारंजंही करता येतं. बादली जितकी उंच टांगाल तितकं कारंजं उंच उडतं, पण बादलीतल्या पाण्याच्या पातळीवर ते कधी जात नाही. विज्ञानाच्या पुस्तकातला हा धडा बरीच मुलं दिवाळीत, पुस्तकाआधीच शिकून बसलेली असतात.

आता प्रमाणाची गंमत. समजा, आपला मावळा तीन इंच उंच आहे. खरा माणूस साडेपाच फुटांचा धरला तर आपण त्याला बावीस पटींनी लहान केलं. या हिशेबानं वीस फुटांचा तट अकरा इंचांचा होईल, तो करता येईल. पण रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. बावीस पटींनी लहान केला तरी तो सदतीस मीटर, म्हणजे बारा मजली इमारतीएवढा होईल! म्हणून किल्ल्यात नेहमी दोन मापं असतात. माणसं, दरवाजा, तट यांचं एक आणि डोंगराचं दुसरं. टेबलावर लढाया खेळणारेही हेच करतात. त्यांच्या सैनिकांचं माप वेगळं आणि जमिनीवरच्या अंतराचं वेगळं. दरवाजा मात्र माणसाच्या मापाचा हवा. दरवाजापेक्षा मावळा उंच झाला की किल्ला खोटा वाटतो. आणखी एक युक्ती अशी की मोठी चित्रं पायथ्याशी मांडावीत आणि लहान वर. डोळा फसतो आणि डोंगर दुप्पट उंच वाटतो.

शब्दांशी माझा रोजचा संबंध, म्हणून थोडं शब्दांविषयी. किल्ला आणि बुरूज हे शब्द अरबीतून आले. दरवाजा, नगारखाना फारसीतून. बालेकिल्ल्यातला ‘बाला’ म्हणजे वरचा, तोही फारसी. तट, माची, खिंड, टाकं हे आपल्या घरचे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातले काही रुजले, पण मराठी माणसाच्या तोंडी किल्ला हा किल्लाच राहिला आणि बुरूज हा बुरूजच. चिखलात भुसा मिसळतो तसे हे शब्द मराठीत मिसळून गेले आहेत. आता ते वेगळे काढायला जावं तर भिंतच ढासळेल. कुठल्याही घरचं मूल किल्ला करायला बसलं की हे सगळे शब्द त्याचेच असतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. आपल्याला याचा आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा. पण गड चढणाऱ्या मुलाला माची कुठे संपते, बालेकिल्ला कुठे सुरू होतो, टाकं तिथेच का खोदलं, हे दिसलं नाही तर तो फक्त फोटो काढून उतरेल. ज्यानं राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या एकदा मातीत काढल्या आहेत, तो राजगडावर गेला की ओळखीच्या घरात गेल्यासारखा हिंडेल.

यासाठी फार काही लागत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना माझी एक विनंती आहे. आवार फरसबंद करताना चार फूट बाय सहा फुटांचा एक तुकडा मोकळा सोडा. तेही शक्य नसेल तर जिन्याखाली दोन घमेली माती गोणीत बांधून ठेवा. किल्ल्यावर मोहरी, नाचणी किंवा हळीव पेरलं की चार-पाच दिवसांत हिरवं रान उगवतं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत किल्ला राहू द्यावा. मग मावळे धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत. माती कुंड्यांत घालावी, उरलेली पुन्हा गोणीत भरावी. पुढच्या वर्षी ‘काका, माती कुठे मिळेल?’ असं कुणी विचारलं, तर जिन्याखाली बोट दाखवता यावं.